पॅलाडिनचा पण, आणि त्यातला 'पण': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी दुपारी सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका माडीवर आमचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा डाव बसतो, म्हणजे एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्यातली पात्रं होऊन फाशांवर खेळायचं. मधे भडंगाची परात, भोवती सहा-सात जण आणि फाशांचा खडखडाट. मिरज, तासगाव, कऱ्हाडहून पोरंपोरी येतात, साताऱ्याचा गट जमेल तसा. डीएमच्या (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याच्या) खुर्चीत बहुतेक वेळा मीच असतो, म्हणून प्रश्नही माझ्याकडेच येतात, आणि सगळ्यात जास्त येतात ते पॅलाडिनबद्दल, म्हणजे शपथेने बांधलेल्या योद्ध्याबद्दल. रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर तेच तेच टाइप करून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. नवख्यांनी वरून वाचत यावं. जुन्या खोडांनी थेट प्रश्न ७ ला उडी मारली तरी चालेल.

१. पॅलाडिन म्हणजे नक्की कोण? तलवार तर फायटरकडेही (साध्या लढवय्याकडेही) असते की.

असते. पण पॅलाडिनची ताकद शपथेतून येते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या नियमांत तो तिसऱ्या लेव्हलला (अनुभवाच्या पायरीला) शपथ घेतो. त्याआधीपासूनच तो हात ठेवून जखमा भरतो (लेव्हल गुणिले पाच एवढे हिट पॉइंट, म्हणजे जीव किती उरलाय त्याचे आकडे, दिवसभरासाठी), आणि वार लागला की स्पेल स्लॉट (जादूचा ठरावीक साठा) खर्चून त्या वारात तेज भरतो, त्याला आपण स्माइट म्हणतो. सहाव्या लेव्हलपासून तर त्याच्या शेजारी उभं राहिलं तरी सोबत्यांचे सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचायला टाकलेले फासे) सुधारतात.

फायटरने चोरी केली तर शिपाई मागे लागतात. पॅलाडिनने केली तर शिपायांच्या आधी त्याची शपथच त्याला जाब विचारते. पेच सगळे इथून सुरू होतात.

२. मित्र म्हणतो, एक खोटं बोललं की शक्ती जाते. आमच्या पुस्तकात तसं काहीच नाही. खरं काय?

दोघंही बरोबर आहात, पुस्तकं वेगळी आहेत.

पॅलाडिन पहिल्यांदा आला १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत. १९७८ च्या नियमांत तो फक्त माणूसच असू शकत होता, करिश्मा (व्यक्तिमत्त्वाची छाप, आकड्यात) किमान १७ लागायचा आणि अलाइनमेंट (पात्राचा नैतिक कल) लॉफुल गुड, म्हणजे कायद्याचा आणि भला. कमाईतला दशांश दान करायचा, जादूच्या वस्तू दहापेक्षा जास्त बाळगायच्या नाहीत. जाणूनबुजून बेशिस्तीचं कृत्य केलं तर वरच्या लेव्हलच्या पुरोहितापुढे कबुली देऊन प्रायश्चित्त घ्यायचं. आणि जाणूनबुजून, स्वेच्छेने दुष्ट कृत्य केलं तर पॅलाडिनपण तिथल्या तिथे गेलं, कायमचं. परत मिळायची सोयच नव्हती.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत खोटं बोलू नये, विष वापरू नये, रास्त सत्तेचा मान राखावा अशी आचारसंहिता आली, पण प्रायश्चित्ताने शक्ती परत मिळवता येऊ लागली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत शक्ती जाण्याची भानगडच संपली आणि कुठल्याही अलाइनमेंटचा पॅलाडिन चालू लागला. २०१४ पासून शपथा वेगवेगळ्या. भक्तीची शपथ घेतलेल्याला खोटं बोलायला मनाई आहे. सूडाची शपथ घेतलेल्याला मोठ्या दुष्टाशी लढताना जवळपास काहीही चालतं.

तेव्हा भांडायच्या आधी कुठली आवृत्ती आणि कुठली शपथ, एवढं विचारून घ्या. अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

३. मराठीत पॅलाडिनला काय म्हणायचं? 'धर्मवीर' चालेल का?

आमच्या टेबलावर नाही चालत. त्या शब्दाला आपल्याकडे स्वतःचा इतिहास आहे आणि तो फाशांच्या खेळात ओढायची गरज नाही. एकाने 'व्रतस्थ' सुचवलं होतं. शब्द चांगला आहे, पण कुणी वापरत नाही. आम्ही पॅलाडिनच म्हणतो.

शपथेला मात्र मराठीत फार सुंदर शब्द आहे: पण. त्याने पण केला, म्हणजे प्रतिज्ञा केली. आणि तोच शब्द 'परंतु' म्हणूनही येतो. डीएमने एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं. खेळाडू शपथेतला पण सांगतो, आपण त्यातला दुसरा 'पण' शोधायचा.

४. कुठला देव घ्यायचा? घरचे विचारतात, देवाधर्माचा काय खेळ मांडलाय.

आम्ही खरे देव घेत नाही, कल्पितच वापरतो. आणि २०१४ च्या नियमांत पॅलाडिनला देव लागतोच असं नाही, शपथ पुरते. घरच्यांना एकदा टेबलाशी बसवा. आमच्याकडे एका खेळाडूच्या आजी बसल्या होत्या. तासाभराने म्हणाल्या, "हे तर कीर्तनातल्या आख्यानासारखंच आहे, फक्त बुवा मधेच थांबून आपल्यालाच विचारतात, आता काय करशील म्हणून." खेळाची याहून चांगली व्याख्या मला अजून मिळालेली नाही.

५. पॅलाडिनला वाईटपणा ओळखता येतो ना? मग पेच उरतोच कुठे?

जुन्या आवृत्त्यांत येत होता, आणि त्याने खेळाचा पार विचका व्हायचा. पॅलाडिन बाजारात शिरणार, नजर फिरवणार, वाईट दिसला की तलवार उपसणार. २०१४ च्या नियमांत त्याला ६० फुटांच्या आत देवदूत, सैतान आणि मेलेले-पण-चालणारे एवढेच जाणवतात. माणसाच्या मनातलं काही कळत नाही. सावकार लबाड आहे की नुसता खडूस, हे त्यालाही तुमच्याआमच्यासारखंच चौकशी करून शोधावं लागतं.

जुन्या नियमांनी खेळत असाल तर एक लक्षात घ्या: मनात वाईट असणं हा गुन्हा नाही. केलेल्या कृत्याला शिक्षा असते.

६. डीएमने पेच टाकलाय की सापळा, हे कसं ओळखायचं?

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच्यावर.

सापळा असा असतो: दोन वाटा, दोन्हींकडे पाप, आणि कुठलीही निवडली तरी डीएम गालात हसून म्हणतो, "गेली तुझी शक्ती." यात खेळाडूला काही विचारलेलंच नसतं, निकाल आधीच लिहून ठेवलेला असतो. मी स्वतः हे केलंय. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीच्या पॅलाडिनला मी पुलाच्या एका टोकाला गाव आणि दुसऱ्या टोकाला तिचे गुरू असं अडकवलं. तिने गाव वाचवलं. मी म्हटलं, गुरूंना दिलेला शब्द मोडला, शक्ती गेली. ती काही बोलली नाही. फासे डबीत भरले आणि पुढच्या रविवारी आली नाही. त्यानंतरही आली नाही. चूक पूर्णपणे माझी होती.

पेचात प्रत्येक उत्तराला पुढे गोष्ट असते. गाव वाचवलं तर गुरूंच्या मुलासमोर उभं राहावं लागेल, गुरूंना वाचवलं तर जळालेल्या गावातून वाट काढावी लागेल. किंमत दोन्हीकडे आहे, पण शपथ मोडली असं कुठेच नाही, कारण जे अशक्य होतं ते करायची शपथ कुणीच घेतलेली नसते.

आता आमचा साधा नियम आहे. शपथ धोक्यात येणार असेल तर डीएमने ते आधी सांगायचं. खेळाडूला न कळलं तरी पॅलाडिनला कळलं असतं, तो वर्षानुवर्षं हेच तर शिकलाय. "हे केलंस तर तुझ्या शपथेला तडा जाईल असं तुला जाणवतंय. करतोस?" या एका वाक्याने गंमत जात नाही. उलट टेबलावर अशी शांतता पसरते की भडंग चावल्याचाही आवाज येतो.

७. गॉब्लिनांचा (बुटक्या राक्षसांचा) तळ मारला, आत त्यांची पोरं सापडली. पॅलाडिनने काय करायचं?

हा प्रश्न या खेळाइतकाच जुना असावा आणि जगातल्या प्रत्येक टेबलावर एकदा तरी येतो.

आम्ही तो हरिपूरच्या धर्तीवर खेळलो. हरिपूरला हळद साठवायची पेवं असायची हे सांगलीकरांना सांगायला नको: वर अरुंद तोंड, खाली माणूस आरामात उभा राहील एवढी पोकळी, आणि पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नसे, कारण आतली हवा जीव घेते. माझ्या नकाशात गॉब्लिन अशाच सोडून दिलेल्या पेवांत राहत होते. वरची लढाई संपली. मग एका पेवाचं झाकण सरकवलं, तर खाली अकरा डोळ्यांच्या जोड्या.

टेबलावर दोन तट पडले. एक म्हणाला, "झाकण लावा परत, आपल्याला काय करायचंय." दुसरा म्हणाला, "मोठी झाली की हीच गावं लुटणार." पॅलाडिन खेळणारा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "दोर किती फुटी आहे?"

माझं मत स्पष्ट आहे. लेकरं जन्मतः दुष्ट आहेत असं ज्या जगात डीएमने ठरवलंय, तिथे हा पेचच नाही, नुसती घाण आहे, आणि ती टेबलावर आणू नये. आणि लेकरं लेकरंच असतील तर त्यांना मारणं कुठल्याही शपथेत बसत नाही, सूडाच्याही नाही. खरा पेच मारायचं की नाही हा नसतोच. तो त्यानंतर सुरू होतो: वर काढलेल्या अकरा पोरांना खायला कोण घालणार? ज्या गावाची माणसं त्यांच्या आईबापांनी मारली, त्या गावाच्या वेशीवर पॅलाडिन काय तोंडाने जाणार? आमची मोहीम त्यावर दोन महिने चालली.

८. शरण आलेल्या शत्रूचं काय? सोडला तर परत येतो, बांधला तर वागवावा लागतो.

शरण आलेल्याला मारायचं नाही. भक्तीच्या शपथेत यावर वादच नाही. सूडाच्या शपथेत दुष्टाला दया नाही असं कलम आहे, तरी त्यातला रोख मुख्य शत्रूवर आहे. भाडोत्री पहारेकऱ्यावर तो लावू नका.

डीएमना विनंती: सोडलेला प्रत्येक कैदी पाठीत सुरा खुपसायला परत आणू नका. तसं केलंत तर तिसऱ्या वेळी खेळाडू कुणालाच सोडणार नाही, आणि ते तुम्हीच शिकवलेलं असेल. एखादा कैदी परत यावा आणि नदीपार करायला नाव द्यावी.

९. निरपराधांना वाचवायला खोटं बोललं तर शपथ मोडते का?

महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. हा तपस्वी नद्यांच्या संगमावर राहायचा (आपल्याकडे हरिपूर आहे, माहुली आहे, चित्र लगेच डोळ्यांसमोर येतं). सदैव खरं बोलायचा त्याचा पण. चोरांच्या भीतीने काही लोक रानात लपले. चोरांनी कौशिकाला विचारलं, त्याने खरं ते सांगितलं. लोक मेले, आणि कौशिक नरकात गेला. खरं बोलून!

दुसऱ्या टोकाला 'नरो वा कुंजरो वा'. युधिष्ठिर शब्दाने खोटं बोलला नाही, पण फसवायला बोलला, आणि जमिनीला न टेकणारा त्याचा रथ खाली आला.

या दोन गोष्टींतून आमच्या टेबलाचा कौल असा निघाला: निरपराधाचा जीव वाचवायला पॅलाडिन खोटं बोलला तर शपथ मोडत नाही, पण रथ थोडा खाली येतो. म्हणजे ते त्याला नंतर कुणापुढे तरी बोलून दाखवावं लागतं. गप्प राहणं, दार अडवून उभं राहणं, "सांगणार नाही" म्हणणं हे पर्याय आधी वापरून झालेले असावेत. एक पॅलाडिन पहारेकऱ्याला नुसतं म्हणाला, "मला माहीत आहे. सांगत नाही. आता काय करायचं ते कर." लढाई झाली आणि पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) जवळपास संपली. पण ते वाक्य अजून सगळ्यांना पाठ आहे.

१०. राजाच गुन्हेगार निघाला तर? लॉफुल म्हणजे राजाचं ऐकायचं ना?

लॉफुल म्हणजे कायद्याचा. कायदा आणि राजा एकच असतात असं कुणी सांगितलं?

सातारकरांना उदाहरण शोधायला लांब जायला नको. रामशास्त्री प्रभुणे माहुलीचे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि गादीवर आलेल्या रघुनाथरावांनाच शास्त्रीबुवांनी दोषी धरलं. देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही असं तोंडावर सांगून ते पुणं सोडून गेले, अशी आठवण सांगतात. तलवार उपसली नाही, फौज जमवली नाही, आणि नोकरीही धरून ठेवली नाही. पॅलाडिनला ही तिसरी वाट असते हे खेळाडू विसरतात. राजाचं ऐकणं आणि राजाला मारणं यांच्यामध्ये पद सोडून चालू लागणं असतं.

आणि चौथीही वाट याच मातीत आहे. १९४३ ते ४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीच्या बऱ्याच भागातही, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं. त्याची स्वतःची न्यायदानाची व्यवस्था होती. १९४३ च्या जूनमध्ये शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी क्रांतिकारकांनी लुटली. सरकारदप्तरी तो दरोडा. प्रतिसरकारचं ठाणं असलेल्या कुंडलच्या माणसाला विचारून बघा तो काय म्हणेल. सत्ता रास्तच नसेल तर तिच्याविरुद्ध उभं केलेलं शिस्तीचं राज्यही लॉफुलच, असं माझं मत. फक्त लुटीतला पैसा पॅलाडिनच्या खिशात गेला की सगळा युक्तिवाद कोसळला.

११. माझा पॅलाडिन, मित्राचा चोर. दर सेशनला भांडण. कुणी बदलायचं?

कुणीच नाही, पण पहिल्या डावाआधी बोलायला हवं होतं. आम्ही त्या बैठकीत दोन गोष्टी विचारून घेतो. पॅलाडिनला: कशाकडे काणाडोळा करशील? चोराला: कोणाकडून कधीच चोरणार नाहीस? उत्तरं कागदावर. "माझा पॅलाडिन असंच वागला असता" ही सबब दुसऱ्याचा रविवार खराब करायला चालत नाही, आणि चोराचीही तीच गत. पॅलाडिन हा पार्टीचा हेडमास्तर नव्हे. स्वतःची शपथ त्याने पाळायची. दुसऱ्याने ती घेतलेलीच नाही.

चोरीतून आलेल्या पैशाने घेतलेलं औषध पॅलाडिनने प्यावं का, असाही प्रश्न येतो. प्यावं. मग बरा होऊन पैसे परत करावेत.

१२. फसवून पाप करवलं तर? आमच्या डीएमने खोट्या हुकुमावर गाव जाळायला लावलं आणि वर शक्ती काढून घेतली.

तुमच्या डीएमला प्रश्न ६ वाचायला द्या.

'ध चा मा' आपल्याला माहीत आहे. 'धरावे' असं लिहिलं होतं, आनंदीबाईंनी 'मारावे' केलं, अशी दंतकथा. हुकूम बजावणाऱ्यावर दोष किती? १९७८ चे कडक नियमसुद्धा 'जाणूनबुजून' हा शब्द घालूनच बोलतात. नकळत घडलेल्याने शपथ मोडत नाही. पण गाव जाळायचा हुकूम हातात पडल्यावर पॅलाडिनने एकदाही "नक्की?" असं विचारलं नसेल, तर त्याची चूक तिथे आहे. अक्षर कुणी खोडलं हे त्याला कळणार नाही. हुकूम माणूस जाळायला सांगतोय हे तर वाचता येत होतं.

१३. दोन शपथा एकमेकींना भिडल्या, दोन्ही पाळणं खरंच अशक्य. आता?

पुन्हा कर्णपर्व. "गांडीव दुसऱ्याला दे" असं जो म्हणेल त्याला मारीन, हा अर्जुनाचा पण. आणि भर युद्धात, कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर वैतागून नेमकं तेच म्हणतो. अर्जुन खड्ग उपसतो. समोर थोरला भाऊ! श्रीकृष्णाचा तोडगा असा: वडीलधाऱ्याला 'तू' म्हणून अपमान करणं हाच त्याचा वध. अर्जुन युधिष्ठिराला अरेतुरे करतो. मग त्याच्याच पश्चात्तापाने स्वतःला मारायला निघतो, तेव्हा श्रीकृष्ण सांगतो, स्वतःची स्तुती कर, सज्जनाला तीच आत्महत्या.

लग्नात थोरल्या चुलत्यांना चुकून 'तू' म्हणून बघितलेल्या माणसाला हा तोडगा लगेच पटतो.

खेळात याचा उपयोग असा: शपथेचे शब्द आणि शपथेचा हेतू वेगळे काढा, आणि खेळाडूला तोडगा शोधायला वेळ द्या. वाटल्यास चहा करा. त्याने काहीतरी अतरंगी पण प्रामाणिक शोधलं तर मान्य करा. तरी काहीच सुचलं नाही, तर जी शपथ मोडल्यावर दुसऱ्याचं नुकसान कमी होतं ती मोडावी आणि स्वतःची किंमत मोजावी.

१४. शक्ती खरंच गेली. परत कशी मिळवायची?

२०१४ चं पुस्तक सुचवतं: त्याच श्रद्धेच्या पुरोहिताकडे किंवा त्याच पंथाच्या पॅलाडिनकडे कबुली, रात्रभर प्रार्थनेचं जागरण, उपास. पश्चात्ताप अजिबात नसेल तर क्लास (पात्राचा प्रकार) बदलणं, नाहीतर शपथभंग्याची काळी वाट.

मी त्यात भर घालतो की प्रायश्चित्त चुकीशी जुळावं. शब्द मोडला असेल तर कुणाचा तरी अवघड शब्द पाळून दाखवायचा. आणि ते दोन सेशनच्या आत उरकावं. महिनाभर शक्तीविना बसवलेला खेळाडू मोबाइल बघू लागतो.

१५. पुराचा प्रसंग घालायचाय. एकच नाव, दोन वाडे बुडताहेत. चालेल?

सांगलीत जरा जपून. २००५ आणि २०१९ चं पाणी ज्यांच्या माडीपर्यंत आलं ते याच टेबलावर बसतात. २०१९ ला ब्रह्मनाळ गावी लोकांना नेणारी बोट उलटली ते कुणी विसरलेलं नाही. पाणी घालायचंच असेल तर आधी सगळ्यांना विचारा. आमच्या टेबलावर फुली काढलेलं एक कार्ड कायम असतं. कुणीही त्यावर बोट ठेवलं की प्रसंग तिथेच थांबतो, कारण विचारायचं नाही. मी तरी त्याजागी आग घालतो, किंवा टोळधाड.

१६. दर सेशनला असा एक पेच हवाच का?

मुळीच नको. तीन-चार सेशनांतून एक पुरे. पॅलाडिन घेणाऱ्याला चांगलं वागायची हौस असते म्हणून तो पॅलाडिन घेतो. त्या हौसेची दर रविवारी परीक्षा घेतली तर तो पुढच्या मोहिमेला चोरच घेईल.

गेल्या रविवारी मी पडक्या वाड्यात नुसती सांगाड्यांची फौज सोडली. कुणाची पोरं नाहीत, कुणाला दिलेला शब्द नाही. तासभर स्माइटवर स्माइट. आमचा पॅलाडिन जिना उतरताना म्हणाला, "आज लई बरं वाटलं लका."

येत्या रविवारी त्या सांगाड्यांतल्या एकाच्या बोटात त्याच्या बापाची अंगठी सापडणार आहे. भावा, हे वाचत असशील तर माहीत नसल्याचं नाटक कर. नाट्यपंढरीत राहतोस, जमेल तुला.